राणीसाहेबांची टोपी आणि बाबांची धून

स्कार्वोय,
२४ मे

चि. ओड्वार यास,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेवढी जागा कोरी सोडली आहे. लायकीचं काही केलंस की भरीन.

मी फोन करणार नाही आणि तुझा आला तर उचलणार नाही. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, तो तुझा पोटापाण्याचा धंदाच आहे. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, म्हणून हे शेवटपर्यंत वाच.

राजेसाहेबांच्या सत्तरीला राजवाड्यासमोरून वाजवत जायचं आमंत्रण आपल्या बँडला आलं, तेव्हापासून गावाने काय काय केलं ते तुला मी हिवाळाभर लिहिलंच आहे. भाड्यासाठी आम्ही बर्फातून दारोदार टॉयलेट पेपर विकला. आज स्कार्वोयमध्ये असं एक घर नाही ज्याच्या माळ्यावर टॉयलेट पेपरची थप्पी नाही. आणि ओस्लोत आम्ही वाजवलंही चांगलं. मी बँडच्या पुढे चालत होते, मला ठाऊक आहे. बाल्कनीतून राजेसाहेबांनी टोपी काढली. परतीच्या बोटीत आमची मंडळी गात होती. धक्क्याला लागलो तर वर उभं असलेलं एक माणूस हसेल तर शपथ. अर्विदने माझी बॅग घेतली आणि आधी वृद्धाश्रमात जाऊन ये, एवढंच म्हणाला. नवरा इतकं कमी बोलला की समजावं काहीतरी बिघडलंय.

बाबांच्या खोलीतला टीव्ही बाहेर पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. झालेलं सगळं सोलवायने सांगितलं. तू तिला ओळखत नसशील, बाबांचं सगळं तीच परिचारिका बघते. त्या दिवशी बाबांनी टाय बांधून घेतला, बँडची जुनी टोपी घातली. डोळे गेल्यापासून ते टीव्ही नुसता ऐकतात, म्हणून सगळ्यांना चमचेसुद्धा वाजवू नका अशी तंबी दिली होती. आपला बँड आला. सुरुवातीला तू समालोचनात राजरथाच्या घोड्यांबद्दल बोलत होतास. बाबा म्हणाले, बोलू दे, त्याला त्याचेच पैसे मिळतात. मग मधला हळू भाग आला. ढोल थांबला, पितळी वाद्यं थांबली, नुसती क्लॅरिनेटं. बाबांनी बोट वर केलं. आणि तू म्हणालास की उत्तरेकडचा हा बँड दमलेला दिसतोय, लांबचा प्रवास झालाय बिचाऱ्यांना, तोवर आपण राणीसाहेबांच्या टोपीकडे वळू.

ओड्वार, बिचाऱ्यांना! आणि मग टोपी! टोपीला पीस कुठल्या पक्ष्याचं, फीत कुठल्या रंगाची, गेल्या वर्षीच्या टोपीपेक्षा काठ किती रुंद! हळू भाग संपेपर्यंत तुझी टकळी चालू. मी शेजाऱ्यांकडे त्याची टेप लावून पाहिली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती धून आपल्या बाबांनी बांधलेली आहे. सगळं आयुष्य घालून त्यांनी तो बँड उभा केला, आणि एकदाच, म्हातारपणी, ती राजवाड्यासमोर वाजली. ती देशाला ऐकू येऊ न देणारा माणूस कोण, तर पोटचा पोरगा.

बाबा त्या दिवसापासून कोणाशी बोलत नाहीत. नव्वदी उलटलेला माणूस आहे, रुसून बसायला त्यांच्याकडे फार दिवस नाहीत. इकडे ये आणि त्यांच्यासमोर उभा राहून माफी माग.

कळावे. लोभ कमी झालेला आहे, याची नोंद घ्यावी.

तुझी बहीण,
गुनवोर


ओस्लो,
३० मे

ती. ताईस,

वाकून नमस्कार केला असता, पण वाकलो की पाठीत धपाटा बसेल, म्हणून लांबूनच करतो.

तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. आता माझं वाच. त्या दिवशी मी सकाळपासून अखंड बोलत होतो. काचेच्या एका खुराड्यात बसलेलो, कानांवर हेडफोन, आणि त्यात आमची दिग्दर्शिका बिरगित्ते सारखी सांगत असते की आता घोडे, आता बाल्कनी, आता टोपी. बँड मला ऐकू येतो तो शेजारच्या घरी रेडिओ लागावा तसा. आणि गप्प बसायची सोय नाही. मी जरा जास्त थांबलो की स्टुडिओतल्या लोकांना वाटतं आवाजाची लाइन तुटली, आणि पडद्यावर दिलगिरीची पाटी चढते. एकदा मला शिंक आली तेव्हा चढली होती. पुढे ढोल थांबला, ट्रॉम्बोन खाली आले, आवाज पडला. मी काय समजायचं? दमले असंच समजणार.

आणि आता मी विचारतो. हिवाळाभर तू मला पत्रं लिहिलीस. टॉयलेट पेपर झाला, ढोलवाल्या एनारचं ढोपर झालं, नव्या गणवेशाच्या बटणांवर तर एक सबंध पान होतं. बाबांची धून वाजवणार आहोत हे एका ओळीत लिहायला तुझ्या पेनातली शाई संपली होती? मला दिलेल्या कागदावर नुसतं ‘पारंपरिक धून’ एवढंच होतं. बाबांचं नाव कोणी घालू दिलं नाही? तूच ना? आपण आपलं नाव पुढे करायचं नसतं, बरोबर? मग लोकांनी ते ओळखायचं कशावरून?

आपल्या घराची हीच रीत आहे. सांगायचं काही नाही, आणि समोरच्याने ओळखलं नाही की तोंड फिरवायचं. आईचं दुखणंसुद्धा तुम्ही मला असंच ओळखायला ठेवलं होतंत. मी आलो तेव्हा चर्चमध्ये फुलं लागली होती. त्याबद्दल मी आजपर्यंत चकार शब्द काढला नव्हता. आज काढतो.

मी बारा वर्षांचा असताना बँड सोडला, कारण मला सूर कळत नाही हे बाबांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता सूर ओळखला नाही म्हणून तेच रुसले आहेत. मी माफी मागायला येणार नाही. काय चुकलं ते आधी मला नीट सांगा.

लोभ किती उरला आहे ते तूच कळव, म्हणजे त्या मानाने सही करीन.

ओड्वार


स्कार्वोय,
७ जून

ओड्वार,

या वेळी चि.सुद्धा लिहीत नाही.

आईचं नाव काढलंस ते बरं केलंस. त्याला कामावरून उठवू नका, त्याची पहिलीच नोकरी आहे, असं आईने स्वतः सांगितलं होतं. ती गेली तेव्हा आम्हालाही वाटलं नव्हतं की इतकं लवकर जाईल. मी तिचं ऐकायला नको होतं, हे मी तुला आज लिहिते, आणि यापुढे त्यावरून मला बोल लावायचा नाही. पण हे तू बँडच्या भांडणात ओढून आणलंस याचा राग मला आहेच.

काय चुकलं ते नीट सांगा म्हणतोस. ऐक. आमिष लावायची आपली जुनी शेड आठवते का? तू तान्हा होतास. पुरुष समुद्रावर, आणि आम्ही बायका-पोरी दिवसभर गळांना हेरिंग माशाचे तुकडे लावत बसायचो. बोटं बधिर व्हायची. तुला आई खारवल्या माशांच्या रिकाम्या खोक्यात लोकर घालून शेजारीच ठेवायची, आणि तू भोकाड पसरलंस की काम न थांबवता गुणगुणायची. शब्द नव्हते, नुसता सूर. तो तिचाच होता, दुसऱ्या कोणाच्या घरी मी तो ऐकला नाही. बाबांनी पुढे संचलनाची धून बांधली, तेव्हा तो मध्ये घातला आणि पितळवाल्यांना सांगितलं की इथे कोणी फुंकर मारायची नाही, पोर झोपतंय. आजही आमच्या बँडमध्ये त्या जागेला ‘पोर झोपतंय’ असंच म्हणतात.

ते पोर तू आहेस. आणि तू सगळ्या देशाला सांगितलंस की बँड दमला.

तुला आधी का नाही सांगितलं? कारण मला वाटलं, तू ऐकशील आणि बोलता बोलता थांबशील. मला ते बघायचं होतं. सांगून ओळखलं तर ते कसलं ओळखणं?

आता पुढचं. परवा बाबा बोलले. पहिलंच वाक्य हे, की धुनेतून हळू भाग काढून टाका. लोकांना तो दमल्यासारखा वाटतो, तर नकोच. सगळ्यांच्या वाजवायच्या प्रती मला खोलीत आणायला लावल्या आणि प्रत्येक कागदावर तो भाग पेन्सिलीने खोडायला लावला. मी नुसतं खोडल्यासारखं करीन म्हणून माझ्या मनगटावर हात ठेवून बसले होते. मी खोडत होते आणि ते पुढचा, पुढचा म्हणत होते. आईचं काय शिल्लक आहे आपल्याकडे? दोन फोटो आणि हा सूर. बाबा उद्या गेले आणि शेवटची आज्ञा हीच राहिली, तर हा बँड ती कधी मोडणार नाही. ही माणसं किती हट्टी आहेत तुला माहीत आहे.

राजनौका उत्तरेच्या दौऱ्यात २८ तारखेला आपल्या धक्क्याला लागणार आहे आणि टीव्हीवर बोलायला तूच येणार, हे पेपरात वाचलं. गावाने बैठक घेतली. धक्क्याचं रेलिंग रंगवायचं ठरलं, आणि तुला कोणी कॉफी द्यायची नाही असं ठरलं. विरोधात एकही हात वर झाला नाही. अर्विदने बैठकीला जायचं टाळलं, पण मत पाठवलं.

गुनवोर


ओस्लो,
१३ जून

ती. ताईस नमस्कार.

पत्र तीनदा लिहून फाडलं. माझाही संताप होतो आहे, पण कोणावर काढू ते ठरत नाही. तुझ्यावर काढावा तर त्या खोक्याची गोष्ट तू मला चाळिशी उलटल्यावर सांगते आहेस. बाबांवर काढावा तर ते माणूस स्वतःचाच हात कापून दाखवतंय, की बघा, तुमच्यामुळे.

मी एवढंच मागतो. २८ ला पूर्ण धून वाजव, हळू भागासकट. बाबांना धक्क्यावर आणू नकोस, त्यांची छाती भरलेली असते आणि तिथला वारा तुला माहीत आहे. त्यांच्या खोलीत टीव्ही परत लाव. बाकी माझ्यावर सोड.

कॉफी नको. मी थर्मास आणीन.

ओड्वार


स्कार्वोय,
१९ जून

ओड्वार,

तुझं मागणं वाचलं. मी वचन देत नाही. नव्वदीच्या माणसाने हात धरून दिलेली आज्ञा अख्ख्या गावासमोर मोडायची, आणि तीही तुझ्या भरवशावर, ज्याला आजवर दोन वाक्यांमध्ये श्वास घेताना कोणी ऐकलं नाही! तू पुन्हा टोपीवर गेलास तर मी बँड तिथेच थांबवीन आणि धक्क्यावरून, राजेसाहेबांसमोर, तुला काय म्हणायचं ते म्हणीन. आपल्याकडच्या शिव्या ओस्लोत कळत नाहीत, पण सूर कळेल.

टीव्ही परत खोलीत गेला आहे. सोलवायला फुटबॉलचे सामने बघायचे आहेत आणि दुसरीकडे प्लग नाही, असं बाबांना सांगितलंय. त्यांना ते पटलेलं नाही, पण त्यांनी विरोधही केला नाही.

थर्मास मोठा आण. इथे तुला पाणीसुद्धा मिळेल असं वाटत नाही.

गुनवोर


ओस्लो,
२ जुलै

ती. ताईस नमस्कार.

बोटीची वेळ झाली होती आणि आमचा लवाजमा पुढच्या बंदराला निघाला होता, म्हणून तुझ्याशी बोलता आलं नाही. बोलता आलं असतं तरी तू पाठ फिरवून क्लॅरिनेटं मोजत होतीस, ते मी पाहिलं.

त्या सकाळी मी वृद्धाश्रमात गेलो होतो. सोलवाय दारात आली आणि म्हणाली की बाबा घरी नाहीत. ज्या माणसाला उठवून बसवायला दोघं लागतात, तो घरी नाही! मी विचारलं, कुठे गेले? ती आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, ते सांगायचं नाही असं ते म्हणाले. मी आलो तसा परत फिरलो. वाटेत इतका चिडलो होतो की मनात म्हटलं, जाऊ दे, टोपीवरच बोलतो.

मग नौका लागली. तुम्ही वाजवायला सुरुवात केलीत. खरं सांगायचं तर तू तो भाग वाजवशील की नाही याची मला शाश्वती नव्हती. ढोल थांबला. एनारने काठ्या काखेत धरलेल्या मी पाहिल्या. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तोंड मिटलं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. हेडफोनमध्ये बिरगित्ते ओरडत होती की बोल, बोल, राणीसाहेब उतरतायत. मी बोलत नाही म्हटल्यावर स्टुडिओतल्या लोकांनी ठरवलं की लाइन तुटली. पाटी चढली, ‘आवाजात बिघाड, क्षमस्व’, मागे डोंगरांमधल्या एका फ्योर्डचा फोटो. घाईत आवाज बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नाही. म्हणजे राणीसाहेब स्कार्वोयच्या धक्क्यावर पाय ठेवत होत्या, त्यांच्या डोक्यावर नवीकोरी टोपी होती, आणि देशाला दिसत होता फ्योर्ड आणि ऐकू येत होती तुझी क्लॅरिनेटं. टोपी कोणाला दिसलीच नाही. लोकांच्या तक्रारींनी फोन तापले. एका पेपरने लिहिलं की उत्तरेकडे नेलेली यंत्रसामग्री तिथल्या हवेला टिकत नाही. मी संपादकांना लिहिलं की यंत्र ठीक होतं, मी गप्प बसलो होतो. त्यांनी ते छापलं नाही, असं काही घडू शकतं यावर त्यांचा विश्वास नाही.

आमच्या टीव्हीच्या साहेबांचा मात्र बसला. राजकन्येच्या शरदातल्या लग्नाच्या समालोचनावरून मला काढलं आहे. हिवाळ्यात स्कीवरच्या उड्यांवर बोलायला पाठवणार आहेत. वीस वर्षं मी त्या घराचे वाढदिवस, बारशी आणि टोप्या तोंडपाठ केल्या. एकदा तोंड मिटलं तर ही किंमत! मला फार राग आला आहे, आणि तो लिहायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवत नाही. मी हेडफोन काढून, जीव कानात आणून तो सूर ऐकला. मला वाटलं होतं की आता काहीतरी आठवेल; खोकं, लोकर, आईचा आवाज. काही आठवलं नाही, ताई. सूर छान आहे, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. बाबांना हे सांगू नकोस.

लोभ असो वा नसो, पत्र पाठव.

ओड्वार


स्कार्वोय वृद्धाश्रम,
९ जुलै

ओड्वार,

मी बोलतो आहे आणि सोलवाय लिहिते आहे. ती शिव्या गाळते. त्या तू आपल्या आपण योग्य जागी घाल.

क्लॅरिनेटं संथ वाजली. दुसरा ट्रॉम्बोन शेवटच्या वळणावर अर्धा सूर खाली होता, त्याला मी बोलावलं आहे. गुनवोरने माझी आज्ञा मोडली. मी तिच्याशी रविवारपर्यंत बोललो नाही. आता बोलतो, कारण ती संथ वाजवते हे कोणीतरी तिला सांगायला हवं. खोडलेल्या जागा तिने खोडरबराने साफ केल्या आहेत. मी कागदांवर बोट फिरवून बघितलं, भोकं पडली आहेत. राहू देत.

सगळे म्हणतात पडद्यावर पाटी होती. मला पाट्या दिसत नाहीत. मी ऐकत होतो. ढोल थांबल्यावर मी वाट बघितली, आता बोलेल, आता बोलेल. तू बोलला नाहीस. त्या टीव्हीच्या खोक्यासमोर मी इतकी वर्षं बसतो, पहिल्यांदा तू तिथे आहेस असं मला वाटलं.

गुनवोरने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. नको म्हणून लिहिलेलं होतंस तेही वाचलं, तिच्या जिभेला हाड नाही, तुझ्यासारखंच. तुला सूर ओळखीचा वाटला नाही यावर ती भडकली. मीही भडकलो. सोलवायने माझी सुपाची वाटी उचलून लांब ठेवली.

मग मला आठवलं. तुझी आई, पेत्रा, शेडमध्ये गुणगुणायला लागायची, आणि दुसरी ओळ यायच्या आत तू झोपलेला असायचास. तरीही ती पूर्ण करायची. समुद्रावर नसलो की मी दारात जाळं विणत बसलेला असायचो, गुनवोर गळ भरत असायची. सबंध अंगाई ऐकली ती आम्ही दोघांनी. तू एकदाही ऐकलेली नाहीस. मग ओळखणार कशी? आम्ही तिघं हट्टी माणसं, आणि एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही.

राजकन्येच्या लग्नावरून काढलं ते बरं झालं. शरदात रिकामा आहेस. इकडे ये. कॉफीचा ठराव मी मोडतो, बँड अजून माझा आहे. दुसऱ्या ओळीपासून पुढची मी तुला गुणगुणून दाखवतो. माझा आवाज फुटका आहे, पण तू जागा राहा.

सोलवाय विचारते की वर आशीर्वाद लिहायचा राहिला का. राहिला नाही. तो कागदावर देत नसतात. डोकं घेऊन ये.

हिल्मार